फुकटच्या जेवणाचं बिल

आमच्या ऑफिसात दुपारचं जेवण फुकट असतं. पुण्यात आयटीत काम करणाऱ्या माझ्या वयाच्या कुणाला यात नवल वाटणार नाही. एक वाजता सहाव्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये जायचं, आयकार्ड टेकवायचं, ताट उचलायचं. दोन भाज्या, पोळ्या, डाळ-भात, ताक आणि शुक्रवारी काहीतरी गोड.

२०२४च्या जुलैमधली गोष्ट. लाडकी बहीण योजना नुकतीच जाहीर झाली होती आणि आमच्या टेबलावर तोच विषय चालला होता. महिन्याला पंधराशे रुपये, एवढ्या बायका, पैसा येणार कुठून, कर भरायचा आपण, वगैरे. मी पनीरचा तुकडा पोळीत गुंडाळता गुंडाळता म्हणालो, "शेवटी काय, देअर इज नो सच थिंग अ‍ॅज अ फ्री लंच." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय क्रिकेटकडे वळला.

समोर सहा फुकट ताटं होती. ती आमच्यापैकी एकालाही दिसली नाहीत.

मला ती दिसली दहा दिवसांनी, गावी गेल्यावर. तिथे काय झालं ते सांगतोच, पण आधी या वाक्याचा उगम सांगतो. मला इतकी वर्षं वाटायचं की ही एक उपमा आहे, कुणा हुशार माणसाला सुचलेली. जगात फुकट काही मिळत नाही, हे सांगायला त्याने जेवणाचं उदाहरण घेतलं असेल. प्रत्यक्षात हे जेवण खरोखर होतं. लोक ते रोज जेवत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या शहरांमधले दारूचे गुत्ते, म्हणजे तिथली 'सलून', बाहेर पाटी लावायचे: फ्री लंच. आत काउंटरच्या एका टोकाला ब्रेड, हॅम, चीज, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकड्या, खारी बिस्किटं मांडलेली असायची. कुठे गरम सूपही असायचं. पाच सेंटचा बिअरचा ग्लास घ्यायचा आणि हवं ते खायचं. बहुतेक पदार्थ खारट असायचे. खारट खाल्लं की तहान लागते, तहान लागली की दुसरा ग्लास, मग तिसरा. मालक अन्नावर तोटा सोसायचा आणि बिअरवर तो भरून काढायचा. नुसतंच खाऊन निघू पाहणाऱ्याला बाहेरची वाट दाखवली जायची.

ही युक्ती आपल्याला अनोळखी नाही. मी ज्या अ‍ॅपवर काम करतो त्याचंही असंच चालतं. शंभरातल्या बहुतेकांना अ‍ॅप फुकट, आणि जे थोडे लोक सबस्क्रिप्शन घेतात त्यांच्या पैशातून सगळ्यांचा सर्व्हर चालतो. आम्ही त्याला फ्रीमियम म्हणतो. आमच्या खारट बिस्किटांचं नाव नोटिफिकेशन.

रडयार्ड किपलिंगने हे जेवण पाहिलं होतं. मुंबईत जन्मलेला हा लेखक १८८९ साली हिंदुस्थानातून निघाला आणि जपानमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला. अलाहाबादच्या 'पायोनियर' या वर्तमानपत्रासाठी तो प्रवासवर्णन लिहीत होता. एका बारमध्ये शिरला तर टोप्या मागे सरकवलेले पुरुष काउंटरवरचं अन्न घाईघाईने पोटात ढकलत होते. एका पेयाचे पैसे द्या आणि पोटभर खा, अशी इथली रीत आहे, हे त्याला तिथे कळलं. वाचक इकडचे, म्हणून त्याने हिशेबही रुपयांत मांडला: दिवसाला रुपयापेक्षा कमी खर्चात माणूस इथे चैनीत जेवू शकतो, अगदी त्याचं दिवाळं निघालेलं असलं तरी.

किपलिंगला ती गंमत वाटली. तो पाहुणा होता. १९०६ साली अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी आली. तिच्यात हेच जेवण शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या कामगारांच्या बाजूने दिसतं. लिथुआनियाहून आलेला युर्गिस तिथे राबतो. दुपारच्या सुट्टीत त्याच्यापुढे दोनच पर्याय असतात. जिथे सकाळपासून काम केलं त्याच दुर्गंधीत बसून खायचं, नाहीतर समोर रांगेने उभ्या असलेल्या गुत्त्यांपैकी एकात शिरायचं. तिथे ऊब आहे, टेबल आहे, सूप आहे. फक्त प्यावं लागतं. पगाराचा चेक वटवण्याची सोयही तिथेच, म्हणजे हातात पैसे पडतात तेच दारूच्या काउंटरवर.

हे जेवण फुकट नाही, हे त्या कामगाराला कळत नव्हतं असं नाही. त्याला बसायला दुसरी जागा नव्हती.

मग या जेवणाचे पैसे देत कोण होतं? एक ग्लास पिऊन उठणारा नक्कीच नाही. पाच सेंटच्या ग्लासावर भरपेट खाणाऱ्याचा फायदाच होत होता. पैसे देत होता तो, ज्याला एका ग्लासावर थांबता येत नव्हतं. त्याच्या पाचव्या ग्लासातून दुसऱ्याच्या हॅमचे पैसे वसूल होत होते. आणि त्या पाचव्या ग्लासाची झळ त्याच्या घरी बसत होती, जिथे पगार पोहोचतच नव्हता. त्या घरातल्या बाईने तर त्या टेबलावरचा घासही खाल्ला नव्हता.

पुढची गंमत अशी की हे प्रसिद्ध वाक्य छापील जगात स्थिरावलं तोवर ते जेवण संपलं होतं. १९२०मध्ये अमेरिकेत देशभर दारूबंदी आली आणि जुने गुत्ते बंद झाले. १९३३मध्ये बंदी उठली, पण तो जुना थाट परत आला नाही. १९३८ साली टेक्सासमधल्या 'एल पासो हेरल्ड-पोस्ट'मध्ये एक बोधकथा छापून आली. एक राजा आपल्या अर्थतज्ज्ञांना सांगतो, मला अर्थशास्त्र थोडक्यात आणि सोपं करून द्या. ते सत्याऐंशी खंड लिहून आणतात. राजा चिडतो आणि काहींची मुंडकी उडवतो. उरलेले पुन्हा लिहितात, पुन्हा तेच होतं. शेवटी एकच अर्थतज्ज्ञ उरतो आणि जीव मुठीत धरून म्हणतो, महाराज, मी सगळं शास्त्र आठ शब्दांत सांगतो: देअर एन्ट नो सच थिंग अ‍ॅज फ्री लंच.

१९६६ साली रॉबर्ट हाइनलाइनच्या 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस' या विज्ञान कादंबरीने हे वाक्य तरुणांच्या तोंडी बसवलं. तिच्यातल्या चंद्रावर तर श्वासाच्या हवेचेही पैसे मोजावे लागतात. १९७५मध्ये अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने आपल्या एका पुस्तकाला हेच नाव दिलं. पुढच्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं आणि वाक्याला शिक्का बसला.

या प्रवासात वाक्याचा अर्थ दोनदा सरकला आहे, असं मला वाटतं. पहिला अर्थ गुत्त्यातला: सावध राहा, हे फुकट दिसतं पण तुझ्याच खिशातून निघणार आहे. हा इशारा खाणाऱ्याच्या बाजूचा आहे. दुसरा अर्थ अर्थशास्त्रातला: तुला फुकट मिळालं तरी ते बनवायला कुणाचा तरी वेळ, श्रम, धान्य खर्ची पडलं आहे, आणि ते दुसरीकडे वापरता आलं असतं. हे विधान कुणाच्याच बाजूचं नाही. तो हिशेब आहे आणि बरोबर आहे.

तिसरा अर्थ आम्ही कँटीनमध्ये वापरला: जो फुकट घेतो तो ऐतखाऊ. हा अर्थ पहिल्या दोन्हींतून निघत नाही. 'याचे पैसे कुणीतरी देतं' इथपासून 'घेणाऱ्याला लाज वाटली पाहिजे' इथपर्यंत पोहोचायला मध्ये एक मोठी उडी आहे. वाक्य इतकं गुळगुळीत आहे की उडी मारल्याचं कळतही नाही.

आता गावची गोष्ट. माझं गाव बीड जिल्ह्यात. आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. नात्याने मावशी नाहीत, पण सगळं गाव त्यांना मावशीच म्हणतं. मी आलोय कळल्यावर त्या आधारकार्ड आणि पासबुक पिशवीत घालून आल्या. "तेवढा त्यो फॉर्म भर बाबा मोबाइलवर. गावातल्या सगळ्या बायांनी भरला." ओटीपी येईना, म्हणून आम्ही ओट्यावर बसून राहिलो. बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "असं फुकटचं घ्यावं का रे? पुन्हा माघारी तर मागायचे नाहीत ना?"

मी त्यांना धीर द्यायला म्हणालो की मागणार नाहीत. आणि मग, कशाला कोण जाणे, त्यांना ती इंग्रजी म्हण सांगितली. फुकटचं जेवण नसतंच मावशी, कुणीतरी पैसे भरतंच.

"आन् तुमची खिचडी?" त्यांनी विचारलं.

मी २००३ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत गेलो. चौथीपर्यंत रोज दुपारी शाळेत खिचडी खाल्ली. ती शिजवायच्या मावशीच.

ही खिचडी ताटात कशी आली, हे मी तेव्हा कधी विचारलं नव्हतं. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झाली, पण बऱ्याच राज्यांत मुलांना शिजवलेलं अन्न मिळत नसे. माझी मोठी ताई महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीतून घरी आणायची. २८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलंच जेवण द्या. किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस. म्हणून ताईला तांदूळ मिळाले आणि मला खिचडी.

"ती पण फुकट नव्हती मावशी," मी म्हणालो. "सरकार पैसे देत होतं."

"देत होतं की. किती, ते इचार ना मला."

मी विचारलं. सुरुवातीला इतके कमी की आता आठवतही नाहीत, म्हणाल्या. पुढे महिन्याला हजार झाले. २०१८ला गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी काम सोडलं, तोवर हजारच होते.

नंतर मी तपासलं. केंद्राने २००९ साली स्वयंपाकी-मदतनीसांचं मानधन महिन्याला १००० रुपये ठरवलं, आणि तेही वर्षातले दहाच महिने. शाळेला सुट्टी असली की मानधनालाही सुट्टी. त्याला पगार म्हणत नाहीत, कारण त्या कामगार नाहीत, मानसेवी आहेत.

सवयीने मी हिशेब मांडला. आमच्या शाळेत साठेक मुलं होती. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे रोज सहा किलो. मावशी आणि आणखी एक बाई दहाला यायच्या. तांदूळ निवडायचा, डाळ धुवायची, चूल पेटवायची, ओल्या सरपणाचा धूर डोळ्यांत घ्यायचा, वाढायचं, भांडी घासायची. चार तास कुठेच गेले नाहीत. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर शहाण्णव तास. तासाला दहा-साडेदहा रुपये.

आणि वर्षाचे? काम करून दहा हजार. मी भरत असलेल्या फॉर्मवर, काही न करता, अठरा हजार.

मी हे त्यांना सांगितलं नाही. ओटीपी आला होता.

म्हणजे मी खाल्लेल्या खिचडीचे पैसे सरकारने दिले, करदात्यांनी दिले, हे खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. त्या कामाची जी काही रास्त मजुरी झाली असती, तिच्यातून मावशींना प्रत्यक्ष मिळालेले हजार रुपये वजा केले, तर उरलेली रक्कम मावशींनी भरली. दर महिन्याला, वर्षानुवर्षं. ती कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही, कारण जे दिलंच नाही त्याची नोंद होत नाही. आणि याच बाईला ओट्यावर बसून प्रश्न पडला होता, की आपण फुकटचं घेतोय का.

माझ्या स्वतःच्या धंद्यातही हेच आहे, हे मला मग लक्षात आलं. आपण 'एचटीटीपीएस' म्हणतो त्या कुलपामागे बहुतेक ठिकाणी ओपनएसएसएल नावाचं सॉफ्टवेअर असायचं. ते फुकट होतं. बँका, दुकानं, मोठमोठ्या कंपन्या, सगळे ते वापरत होते. एप्रिल २०१४मध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाची गंभीर चूक सापडली आणि जगभर धावाधाव झाली. तेव्हा लोकांनी पहिल्यांदा विचारलं, हे बनवतं कोण? उत्तर असं की पूर्ण वेळ काम करणारा एक माणूस आणि काही स्वयंसेवक. या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळायच्या सुमारे २००० डॉलरच्या. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला, हे चांगलंच झालं. पण तोवर सगळा उद्योग त्या माणसांच्या हातचं जेवत होता. तेव्हा आम्हाला कुणी ऐतखाऊ म्हटलं नाही.

मला हे वाक्य फेकून द्यायचं नाही. टेबलावरच्या ज्या मित्राने 'पैसा येणार कुठून' असं विचारलं, त्याचा प्रश्न रास्त आहे. कुठल्याही योजनेला तो विचारलाच पाहिजे. एकीकडे दिलेला पैसा दुसरीकडे कमी पडतो, आणि कर्ज काढून दिला तर तो उद्याच्या कुणाकडून तरी वसूल होतो. हे नाकारणं म्हणजे हिशेबच नाकारणं. माझं म्हणणं एवढंच की हिशेब मागायचा तर पूर्ण मागावा. आपण भरलेला कर मोजायचा आणि मावशींनी सोडलेली मजुरी मोजायची नाही, याला हिशेब म्हणत नाहीत.

मराठीत या सगळ्यासाठी एक शब्द आहे: मिंधा. कुणाचं मिंधं राहू नये, असं आई अजूनही सांगते. इंग्रजी वाक्यातलं फुकटचं जेवण पैशांत वसूल होतं, आपल्याकडचं मिंधेपणात. अमेरिकन गुत्त्यातलं मीठ तहान लागावी म्हणून असायचं. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायचं असतं. दोन्हीकडे मीठ माणसाला बांधून ठेवतं, फक्त दोर वेगळा.

बरीच वर्षं मला वाटायचं की खिचडी खाल्ली हे कुणाला सांगू नये. कॉलेजात शहरातली मुलं डब्यांच्या आठवणी सांगायची तेव्हा मी गप्प बसायचो. ते मिंधेपण होतं, आणि आता वाटतं की ते चुकीच्या दाराशी ठेवलं होतं. सात वर्षांच्या मुलाने जेवावं, यात लाजण्यासारखं काही नाही. तो कुणाला ग्लासभर काही विकत घ्यायला लावत नव्हता. माझं देणं असेल तर ते सरकारचं नाही आणि 'समाजाचं' असं गुळमुळीतही नाही. ते एका ठरावीक बाईचं आहे, तिचं घर मला माहीत आहे, आणि ते फेडायची सोय मला सापडलेली नाही. मी पैसे देऊ केले असते तर त्यांनी घेतले नसते. फॉर्म भरून दिला, एवढंच झालं.

एखादं जेवण फुकट आहे असं कुणी म्हणालं की मी आता तीन गोष्टी बघायचा प्रयत्न करतो. पैसे कोण भरतंय? आपण भरतोय हे त्याला माहीत आहे का? आणि नाही म्हणायची सोय त्याला आहे का? युर्गिसला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माहीत होती, तिसऱ्याचं उत्तर 'नाही' होतं. मावशींचंही तसंच. गावात बाईला रोख पैसा देणारं दुसरं काम नव्हतं. माझ्या ऑफिसात? कंपनी जेवण देते कारण मग आम्ही तासभर बाहेर जात नाही, आणि संध्याकाळचं खाणंही दिलं की आठपर्यंत बसतो. ते मला माहीत आहे आणि नाही म्हणायची सोयही आहे. म्हणजे सौदा बरा आहे, असं मी मनाशी म्हणत होतो.

मग एकदा मीटिंग लांबली आणि मी सव्वातीनला कँटीनमध्ये गेलो. भांडी उचलली जात होती. रोज आम्हाला वाढणारा मुलगा कोपऱ्यातल्या टेबलावर जेवत होता. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असेल. समोर स्टीलचा डबा, त्यात पोळी आणि शेंगदाण्याची चटणी. मागे पनीरची अर्धी परात शिल्लक होती.

"इथलं नाही जेवत?" मी विचारलं.

"नाही सर. आमचं कार्ड चालत नाही ना," तो म्हणाला आणि उठायला लागला. मी त्याला बसायला सांगितलं.

मी अ‍ॅडमिनला मेल लिहिला. तो व्हेंडरचा विषय आहे, असं उत्तर आलं. मी टेबलावरच्या पाच जणांना सांगितलं आणि दुसऱ्या मेलवर सहा सह्या गेल्या. करांच्या हिशेबाची काळजी करणाऱ्या मित्राने मजकूर माझ्यापेक्षा चांगला लिहिला, आकडे घालून. त्या मेलला अजून उत्तर यायचं आहे. तोवर आम्ही रोज एक वाजता वर जातो, कार्ड टेकवतो आणि तो आम्हाला वाढतो.